रॉकेटला पंख असतात, मग बंदुकीच्या गोळीला का नसतात? उत्तर आहे नळीच्या ‘पिळा’त आणि गोळीच्या लांबीत

पिनाकाच्या चाचणीचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आले असतीलच. ट्रकवरच्या नळ्यांमधून धुराचे लोट निघतात आणि एकामागून एक रॉकेटं आकाशात झेपावतात. एका लाँचरवर १२ रॉकेटं असतात आणि ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. हा व्हिडिओ जरा थांबवून रॉकेटकडे नीट बघा. त्याच्या शेपटीला पंख दिसतील.

आता तोफेचा गोळा किंवा रायफलची गोळी आठवा. त्यांना पंख नसतात. तरीही त्या टोक पुढे ठेवून सरळ जातात. असं का?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या विदर्भात तयार होणाऱ्या मालातच सापडतं. नागपूरच्या अंबाझरी भागात आयुधनिर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या आयुधनिर्माण्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या ‘यंत्र इंडिया लिमिटेड’चं मुख्यालय नागपुरातच आहे. तोफगोळ्यांची धातूची कवचं बनवणं हे या कंपनीच्या मुख्य कामांपैकी एक. दुसरीकडे ४ नोव्हेंबर २०२० ला ओडिशातल्या चांदीपूरला पिनाकाच्या सुधारित रॉकेटची चाचणी झाली. ती रॉकेटं बनवली होती नागपूरच्या ‘इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेड’नं.

म्हणजे एकाच शहराच्या नावावर दोन्ही गोष्टी आहेत: गिरक्या घेत सरळ जाणारा गोळा आणि पंखांच्या जोरावर सरळ जाणारं रॉकेट. यातलं कुठलं तंत्र कधी वापरायचं हे ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे लांबी. ती कशी, हे समजून घेऊ.

मुळात गोळी फिरवायची कशाला?

पूर्वीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असायची आणि गोळी असायची गोल, गोट्यांसारखी. नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. त्या काळात सैन्याच्या हातात बहुतेक अशाच बंदुका होत्या. गोल गोळीला पुढचं टोक नाही आणि शेपूटही नाही. ती हवेत कशीही वळली तरी तिचा आकार तोच राहतो. पण ती लांबवर अचूक जात नाही आणि हवेत तिचा वेग झपाट्यानं कमी होतो.

मग लांबट, टोकदार गोळी आली. ती हवा छान कापते, पण तिच्यासोबत नवी डोकेदुखीही आली. टोकदार गोळीचं टोक निमुळतं आणि बूड जाड, त्यामुळे तिचं बरंचसं वजन मागच्या बाजूला असतं. हवेचा जोर मात्र त्या वजनाच्या केंद्राच्या पुढे लागतो. टोक किंचित जरी कलंडलं तरी हवा त्याला आणखी कलंडवते, आणि गोळी कोलांट्या घ्यायला लागते.

यावरचा इलाज आपल्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. भोवरा नुसता आरीवर उभा करून बघा, लगेच पडेल. तोच जाळी गुंडाळून फेकला की ताठ उभा राहतो. जोरात फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडत नाही. गोळीलाही असंच फिरवलं तर हवेनं कितीही ढकललं तरी ती टोक पुढे ठेवून जाते.

यासाठी नळीच्या आत वळत जाणाऱ्या खाचा पाडतात. दोरखंडाला पीळ असतो तसाच हा नळीचा पीळ. इंग्रजीत या खाचा पाडण्याला ‘रायफलिंग’ म्हणतात आणि ‘रायफल’ हे नावही तिथूनच आलं. गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित जाड असते. बार उडाला की ती या खाचांमध्ये घट्ट बसते आणि पिळाबरोबर वळत बाहेर पडते. तोफगोळा पोलादाचा असतो. तो खाचांत कसा रुतणार? म्हणून त्याच्या कमरेला तांब्यासारख्या मऊ धातूचा पट्टा बसवलेला असतो. खाचा त्या पट्ट्यात रुततात आणि अख्खा गोळा फिरतो.

पीळ मोजतात कसा?

सोपं आहे. किती अंतरात गोळीची एक गिरकी पूर्ण होते, हे मोजायचं. यालाच ‘ट्विस्ट रेट’ म्हणतात. ‘एकास बारा’ म्हणजे १२ इंचांत एक गिरकी. ‘एकास सात’ म्हणजे ७ इंचांतच एक गिरकी. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो: आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट आणि गोळी जास्त वेगानं फिरणार.

हे फिरणं किती जोरात असतं? सात इंची पिळातून गोळी सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगानं निघाली तर ती सेकंदाला ५,२०० पेक्षा जास्त गिरक्या घेते. मिनिटाचा हिशेब केला तर तीन लाखांच्या वर. आपल्या घरातला मिक्सर मिनिटाला साधारण १८ हजार गिरक्या घेतो.

सगळ्यात मोठा गैरसमज: वजन

‘जड गोळीला घट्ट पीळ लागतो’ असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धवट खरं आहे. जाडी तीच ठेवून गोळी जड करायची तर ती लांब करावी लागते, म्हणून वजन आणि पीळ यांचं नातं दिसतं. पण पीळ ठरतो तो लांबीवरून.

शिसं जड असतं, तांबं त्यापेक्षा हलकं. एकाच वजनाच्या दोन गोळ्या घ्या, एक शिशाची आणि एक पूर्ण तांब्याची. तांब्याची गोळी लांब होईल आणि तिला घट्ट पीळ लागेल. वजन तेच, पण गरज वेगळी.

कारण पुन्हा भोवऱ्यात आहे. बुटका, रुंद भोवरा आरामात फिरतो. तेवढ्याच जाडीची हातभर काठी टोकावर उभी करून फिरवायला जा, तिला उभं ठेवायला कितीतरी जास्त वेगानं फिरवावं लागेल. लांबी वाढली की वस्तूला कलंडवणारा जोर वाढतो, पण तिला ताठ ठेवणारी गिरकीची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही.

१८७९ चं सूत्र, जे आजही चालतं

इंग्लंडमधल्या वुलिच इथले गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तोफखान्यासाठी एक सोपं सूत्र दिलं. गोळीच्या जाडीचा वर्ग करा, त्याला १५० नं गुणा आणि लांबीनं भागा. जे उत्तर येईल तेवढ्या अंतरात एक गिरकी हवी. गोळीचा वेग खूप जास्त असेल तर १५० ऐवजी १८० घेतात.

करून बघू. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आणि गोळीची लांबी साधारण:

• पॉइंट टू-टूची गोळी: जाडी ५.७, लांबी सुमारे १२. उत्तर येतं ४०६. प्रत्यक्षात या रायफलींचा प्रचलित पीळ १६ इंच, म्हणजे ४०६ मिमीच आहे.

• ७.६२ बाय ५१ ची गोळी, आपल्या जुन्या एसएलआर रायफलीची: जाडी ७.८२, लांबी सुमारे २९. उत्तर ३१६. प्रत्यक्षात १२ इंच, म्हणजे ३०५ मिमी.

• ५.५६ ची जुनी अमेरिकन गोळी: जाडी ५.६९, लांबी सुमारे १९. वेग जास्त म्हणून १८० नं गुणायचं. उत्तर ३०७. प्रत्यक्षात १२ इंच, म्हणजे ३०५ मिमी.

कॉम्प्युटर सोडाच, साधा कॅल्क्युलेटरही नव्हता त्या काळातलं हे सूत्र. आज यापेक्षा बारकाईची सूत्रं आहेत. त्यात गोळीचं वजन, वेग, तापमान, हवेचा दाब हे सगळं येतं. पण पहिला अंदाज काढायला ग्रीनहिल अजूनही पुरतो.

यातली पहिली गोळी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत हीच पॉइंट टू-टूची गोळी वापरतात. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी व्यासाचं असतं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. तिथे गोळी हवेत जराही डगमगून चालत नाही.

पीळ चुकला तर काय होतं? एम-१६ ची गोष्ट

ही गोष्ट खऱ्या अर्थानं जिवावरची आहे.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचं मूळ रूप म्हणजे एआर-१५. तिचा पीळ सुरुवातीला १४ इंचांत एक गिरकी असा होता. नेहमीच्या हवेत गोळी कशीबशी स्थिर राहायची. अतिथंड हवेतल्या चाचण्यांमध्ये मात्र ती डगमगायला लागली. शेवटी १९६३ मध्ये पीळ १४ वरून १२ इंचांवर आणला.

पुढे १९८० मध्ये नाटो देशांनी ५.५६ साठी बेल्जियमची नवी गोळी स्वीकारली. तिच्या टोकात पोलादाचा तुकडा होता, त्यामुळे तिची लांबी सुमारे २३ मिमी झाली. सूत्रात टाका: उत्तर २५३ मिमी, म्हणजे जवळपास १० इंच. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडा घट्ट पीळ लागतो. ९ इंच पुरला असता.

पण अमेरिकेनं नव्या एम-१६ ए-२ ला थेट ७ इंची पीळ दिला. कारण होतं ट्रेसर गोळी. मागे चमकत जाणारा, मारा कुठे होतोय हे दाखवणारी ही गोळी. तिच्या पोटात जळणारी रसायनं भरलेली असतात. ती हलकी असल्यामुळे गोळी लांब करावी लागते, सुमारे २९ मिमी. सूत्राचं उत्तर २०१ मिमी, म्हणजे ८ इंचांच्याही आत. अख्ख्या रायफलीचा पीळ तिच्यातून सुटणाऱ्या सगळ्यात लांब गोळीनं ठरवला.

खरा धोका आता बघा. जुनी आणि नवी, दोन्ही काडतुसं बाहेरून एकाच मापाची आहेत. नवं काडतूस जुन्या १२ इंची पिळाच्या रायफलीत व्यवस्थित बसतं. घोडा दाबला की बारही उडतो. बाकी सगळं नेहमीसारखंच वाटतं. पण गोळी हवेत डगमगते आणि लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, लांबट भोक पडतं. नेमबाज याला ‘की-होल’ म्हणतात, कारण ते कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं दिसतं. लढाईत असा कागद बघायला कोणी थांबत नाही. गोळी भलतीकडे का जातेय हे जवानाला कळतच नाही.

म्हणूनच सैन्य जेव्हा नवी गोळी आणतं, तेव्हा फक्त कारखान्यातलं काडतूस बदलून भागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आयुधनिर्माणी असो की पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, गोळीची लांबी आणि रायफलीचा पीळ यांचा मेळ आधी बसवावा लागतो.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. ‘एम-१६ ची गोळी हवेत कोलांट्या घेत जाते म्हणून ती जास्त घातक’ असे फॉरवर्ड अजून फिरतात. हवेत कोलांट्या घेणारी गोळी कामाचीच नाही, ती लक्ष्याला लागणारच नाही. शरीर हवेपेक्षा कैक शेकडो पट दाट असतं. तिथे शिरल्यावर टोकदार गोळीला कुठलाच पीळ ताठ ठेवू शकत नाही.

नागपूरचा मे महिना गोळीला मानवतो

एम-१६ चं घोडं थंडीत का अडलं? कारण थंड हवा दाट असते, आणि हवा दाट असली की गोळीला कलंडवणारा तिचा जोरही वाढतो.

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. अशा वेळी एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.०७ किलो भरतं. समुद्रसपाटीला उणे ५० अंश तापमान असेल तर तेच वजन सुमारे १.५८ किलो होतं, म्हणजे जवळपास दीडपट. नागपूरच्या उन्हात मजेत जाणारी गोळी त्या थंडीत गडबडू शकते.

मग आपल्या हिमालयात काय होतं? तिथे थंडी असली तरी उंचीमुळे हवा विरळ असते. लेहच्या उंचीवर, सुमारे ३,५०० मीटरवर, शून्य अंशाला हेच वजन ०.८३ किलोच्या आसपास येतं. गोळीच्या स्थिरतेचा विचार केला तर लेहची थंडी अलास्काच्या थंडीपेक्षा सोपी.

आणखी एक गंमत. गोळीचा वेग वाढवला तर ती जास्त स्थिर होईल असं वाटतं, पण तसं फारसं होत नाही. वेग वाढला की गिरक्या वाढतात, आणि हवेचा धक्काही वाढतो. दोन्ही बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पीळ चुकला असेल तर जास्त दारू भरून तो दुरुस्त होत नाही.

मग सगळ्याच नळ्यांना घट्ट पीळ का देत नाहीत?

कमी पिळाचं नुकसान मोठं असतं, त्या मानानं जास्त पिळाचं कमी. पण ते असतंच.

कुठलीही गोळी शंभर टक्के सारखी भरलेली नसते. तिचा तोल केसभर तरी एका बाजूला असतो. ती जितकी जोरात फिरते तितका हा दोष उघडा पडतो आणि नेम विखुरतो. वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की स्पिनच्या वेळी ते कसं थडथडतं, तसंच. पातळ वेष्टनाच्या काही हलक्या गोळ्या तर अति गिरक्यांनी हवेतच फुटून विखुरतात.

तोफेत दुसरीच अडचण येते. तोफगोळा उंच कमान घेऊन जातो. वर जाताना त्याचं टोक वर असतं. खाली येताना टोक हळूहळू खाली वळायला हवं. गिरक्या अति झाल्या तर गोळा आपला आस सोडायलाच तयार होत नाही आणि टोक वरच ठेवून खाली येतो. पुढच्या टोकाला असलेला फ्यूज आधी आपटला नाही तर तो गोळा कामाचा राहत नाही.

१५५ मिमीच्या बहुतेक तोफांमध्ये पीळ ‘२० कॅलिबरला एक गिरकी’ असा असतो. म्हणजे १५५ मिमीच्या वीसपट, ३.१ मीटरमध्ये एक गिरकी. ३९ कॅलिबरची नळी सुमारे ६ मीटर लांब असते, म्हणजे गोळ्याच्या नळीत दोन गिरक्याही पुऱ्या होत नाहीत. पण तो सेकंदाला साधारण ८३० मीटर वेगानं बाहेर पडतो, तेव्हा मिनिटाला सुमारे १६ हजार गिरक्या घेत असतो. सुमारे ४३ किलोचं पोलाद मिक्सरच्या पात्याच्या वेगानं फिरतंय, असं डोळ्यांसमोर आणा. म्हणजे कवच बनवताना त्याची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची का हवी, हे लक्षात येईल.

शिवाय फिरणारा गोळा एका बाजूला सरकतो. पीळ उजवा असेल तर उजवीकडे. लांब पल्ल्यावर हे सरकणं शेकडो मीटरचं होतं. तोफखान्याच्या तक्त्यांत ते आधीच धरलेलं असतं.

आणि शेवटी, पिनाकाचे पंख

जुना साधा १५५ मिमीचा गोळा सुमारे ७० सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे जाडीच्या साडेचार पट. लांब पल्ल्याचे सडसडीत गोळे सहा पटीच्या आसपास जातात. गिरक्यांच्या जोरावर स्थिर राहण्याची मर्यादा साधारण इथेच संपते. त्यापुढे लागणारा पीळ इतका घट्ट होतो की नळी आणि गोळ्याचा पट्टा, दोघांनाही तो झेपत नाही.

आता पिनाका बघा. जाडी २१४ मिमी, लांबी सुमारे ५ मीटर, म्हणजे जाडीच्या तब्बल २३ पट. याला गिरक्यांनी ताठ ठेवणं व्यवहारात शक्यच नाही. शिवाय रॉकेट नळीतून बाहेर पडताना हळू असतं, त्याचा खरा वेग नंतर वाढतो. नळीच्या पिळातून त्याला मोठी गिरकी मिळणार तरी कशी?

म्हणून इथे दुसरी युक्ती. दिवाळीतल्या रॉकेटला मागे लांब काडी का असते, आठवा. काडी मोडली की रॉकेट कुठेही भरकटतं, कधी शेजाऱ्याच्या गॅलरीतही घुसतं. काडीमुळे हवेचा जोर वजनाच्या केंद्राच्या मागे लागतो आणि टोक आपोआप पुढे राहतं. पिनाकाचे पंख हेच काम करतात. अशा रॉकेटांना थोडीशी गिरकी देतात खरी, पण ती इंजिनाच्या जोराचा किरकोळ वाकडेपणा सगळीकडे सारखा वाटून टाकण्यासाठी.

यातला सगळ्यात भारी किस्सा आपल्या अर्जुन रणगाड्याचा. त्याच्या १२० मिमी तोफेला पीळ आहे. पण शत्रूचा रणगाडा भेदणारा बाण लांब आणि बारीक असतो, म्हणून त्याला पंख असतात आणि गिरकी नको असते. मग काय केलं? त्याच्या बाहेरच्या पट्ट्याला घसरता ठेवलं. पट्टा पिळाबरोबर फिरतो, आतल्या बाणाला मात्र त्यातली फारशी गिरकी लागत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर

• गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट. वजन हा फक्त वरवरचा अंदाज.

• पीळ कमी पडला तर गोळी कोलांट्या घेते. जास्त झाला तर नेम विखुरतो.

• थंड, दाट हवेत जास्त पीळ लागतो. उन्हात आणि उंचावर कमी.

• काडतूस नळीत बसलं म्हणजे गोळी त्या नळीला चालते, असं नाही.

• लांबी जाडीच्या साधारण सहा पटीपुढे गेली की पिळाचा नाद सोडायचा आणि पंख लावायचे.

पुढच्या वेळी पिनाकाचा व्हिडिओ कोणी शेअर केला आणि खाली कमेंटमध्ये ‘याला पंख कशाला?’ असा प्रश्न दिसला, तर उत्तर तुमच्याकडे आहे: पाच मीटर लांबीचा भोवरा कोणालाच फिरवता येत नाही.